अंडाशय उत्तेजनाचा प्रोटोकॉल: शेवटाकडून मागे येत समजून घ्या

एकीला पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं सुरू होतात. दुसरीला आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसापासूनच. तिसरीला पाच दिवसांच्या गोळ्या देऊन थेट सोनोग्राफीला बोलावतात. तिघीही मूल व्हावं म्हणूनच उपचार घेत असतात, आणि बाहेर बसल्या बसल्या एकमेकींच्या फायली पाहिल्या की प्रत्येकीला वाटतं, आपल्यालाच काहीतरी कमी दिलं जातंय. मग प्रश्न येतो, ‘यातला सगळ्यात चांगला प्रोटोकॉल (औषधांची आखणी) कोणता?’

या प्रश्नाची सुरुवात औषधाच्या नावापासून केली की हमखास गोंधळ होतो. त्यापेक्षा शेवट आधी ठरवावा. आपल्याला एकच बीज हवंय की दहा-बारा? भ्रूण याच महिन्यात गर्भाशयात सोडायचं की गोठवायचं? हे ठरलं की ट्रिगरचं, म्हणजे बीज शेवटी परिपक्व करणारं, इंजेक्शन कोणतं ते ठरतं. ट्रिगर ठरला की बीज मध्येच फुटू नये म्हणून कोणतं औषध द्यायचं ते ठरतं. डोसचा नंबर त्यानंतर लागतो. खालचा लेख याच क्रमाने जातो. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी तो आहे. यातले आकडे पाहून स्वतःच्या इंजेक्शनचा डोस कुणीही बदलू नये.

आधी शरीर स्वतः काय करतं

पाळी येते त्या सुमारास दोन्ही अंडाशयांत मिळून काही छोट्या फॉलिकल वाढायला तयार असतात. फॉलिकल म्हणजे पाण्याची बारीक पिशवी, तिच्या आत एक बीज. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते आणि या फॉलिकल वाढायला लागतात. चार-पाच दिवसांत त्यातली एक पुढे निघते, ती इस्ट्रोजेन तयार करते, त्या इस्ट्रोजेनमुळे एफएसएच खाली येतं आणि बाकीच्या फॉलिकल उपाशी राहून सुकून जातात. दर महिन्याला हेच घडतं, मूल हवं असो वा नसो.

उत्तेजन म्हणजे बाहेरून दिलेल्या औषधाने ही एफएसएचची पातळी खाली पडू न देणं. मग मागे पडणाऱ्या फॉलिकलही वाढत राहतात. म्हणून ‘इंजेक्शनं घेतली की बीजांचा साठा संपेल, पाळी लवकर जाईल’ ही भीती मनातून काढून टाका. त्या महिन्यात जी बीजं अशीही वाया जाणार होती, तीच आपण वाचवतो. पुढच्या वर्षांच्या साठ्याला हात लागत नाही. ही भीती अनेक घरांत उपचार लांबवते आणि दरम्यान वय पुढे सरकतं, म्हणून हे इतक्या स्पष्टपणे लिहितेय.

नैसर्गिक चक्र की उत्तेजित चक्र, हा फाटा आयव्हीएफच्या (बीज शरीराबाहेर फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या) जन्मापासूनच आहे. २५ जुलै १९७८ रोजी जन्मलेली लुईझ ब्राऊन, जगातलं पहिलं आयव्हीएफ बाळ, नैसर्गिक चक्रातल्या एकाच बीजातून आली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात जन्मलेल्या दुर्गा या भारतातल्या पहिल्या आयव्हीएफ बाळासाठी डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी संप्रेरकाची इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली होती आणि भ्रूण गोठवून नंतर सोडलं होतं. आज जगभर रूढ असलेली पद्धत त्या दुसऱ्या वाटेच्या जवळची आहे.

पायरी १: एक बीज हवंय की अनेक?

बीज तयारच होत नसेल किंवा अनियमित होत असेल (पीसीओएसमध्ये, म्हणजे अंडाशयांत अनेक छोट्या फॉलिकल अडकून राहण्याच्या विकारात, बहुधा हेच), किंवा आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) करायचं असेल, तर ध्येय एक, फार तर दोन बीजं. इथे जास्त बीजं म्हणजे यश नव्हे, धोका. आययूआयमध्ये किती बीजं फलित होतील यावर कुणाचंच नियंत्रण नसतं. जुळी-तिळी राहिली की वेळेआधी प्रसूती, कमी वजनाची बाळं, आईचा रक्तदाब हे सगळं मागोमाग येतं.

या ध्येयासाठी गोळ्या पुरतात. दोन गोळ्या प्रामुख्याने वापरल्या जातात. क्लोमिफीन मेंदूला ‘इस्ट्रोजेन कमी आहे’ असं भासवतं, त्यामुळे पिट्युटरी जास्त एफएसएच सोडते. ती बहुतेक ५० मिलिग्रॅमपासून पाच दिवस देतात. तिची अडचण अशी, की ती शरीरात बराच काळ रेंगाळते आणि काही जणींचं गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवते. बीज छान वाढलंय पण अस्तर पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे जात नाही, असं चित्र दिसलं तर गोळी बदलण्याबद्दल जरूर विचारा.

लेट्रोझोल वेगळ्या रस्त्याने जातं. इस्ट्रोजेन बनवणाऱ्या एन्झाइमलाच ते काही दिवस अडवतं. दोनेक दिवसांत त्याची शरीरातली मात्रा निम्म्यावर येते, त्यामुळे बीज वाढायच्या आणि अस्तर तयार व्हायच्या वेळी त्याचा अडथळा उरत नाही. २.५ ते ७.५ मिलिग्रॅम, पाच दिवस, असा त्याचा नेहमीचा डोस. पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के जणींना. तेव्हापासून पीसीओएसमध्ये पहिली पसंती लेट्रोझोलला मिळते, आणि ती रास्त आहे.

‘गोळ्यांपेक्षा इंजेक्शनं जोरदार, मग आययूआयलाही तीच का नकोत?’ असं अनेक जणी विचारतात. याचंही उत्तर अभ्यासातून मिळालेलं आहे. वंध्यत्वाचं कारण सापडत नाही अशा ९०० जोडप्यांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. इंजेक्शनांच्या गटात बाळ होण्याचं प्रमाण गोळ्यांपेक्षा जास्त होतं, पण त्या गटातल्या गर्भधारणांपैकी जवळपास एक तृतीयांश जुळ्या किंवा त्याहून जास्त बाळांच्या होत्या. मला हा सौदा महाग वाटतो. आययूआयसाठी इंजेक्शनं लागलीच तर ती फार कमी डोसने, म्हणजे ३७.५ ते ७५ युनिटपासून सुरू करून सावकाश वाढवावीत. आणि तीन-चार मोठ्या फॉलिकल दिसल्या तर ते चक्र सोडून देण्याची तयारी आधीच ठेवावी. डॉक्टर रद्द करायला सांगत असतील तर वाद घालू नका. ते तुमच्या भल्याचंच सांगतायत.

आयव्हीएफमध्ये मात्र गणित वेगळं. तिथे किती भ्रूण सोडायची ते आपल्या हातात असतं, म्हणून अनेक बीजं मिळवणं सुरक्षितपणे शक्य होतं. इथून पुढचा लेख मुख्यतः आयव्हीएफबद्दल आहे.

पायरी २: अंडाशय किती प्रतिसाद देईल याचा अंदाज

यासाठी दोन गोष्टी पाहतात: रक्तातलं एएमएच (छोट्या फॉलिकलमधून येणारं संप्रेरक) आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या अंतर्गत सोनोग्राफीत मोजलेल्या छोट्या फॉलिकल, म्हणजे एएफसी. एएमएच पाळीच्या कोणत्याही दिवशी तपासता येतं, पण गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ते कमी दिसू शकतं, हे सांगायला विसरू नका. एएमएच १.२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली किंवा एएफसी पाचाच्या खाली असेल तर प्रतिसाद कमी मिळण्याची शक्यता धरतात. उलट एएमएच ३.४ च्या वर किंवा एएफसी २४ च्या वर असेल तर अतिप्रतिसादाचा, म्हणजे गरजेपेक्षा फार जास्त फॉलिकल वाढण्याचा, धोका धरून योजना आखतात. आधी एखादं चक्र झालं असेल तर त्याची नोंद या दोन्हींपेक्षा बोलकी.

एएमएचवरून बीजांची संख्या कळते, गुणवत्ता नाही. गुणवत्ता प्रामुख्याने वयावर अवलंबून असते. २९ वर्षांच्या मुलीचं एएमएच ०.८ आलं म्हणून तिची बीजं ४२ वर्षांच्या बाईसारखी होत नाहीत. तिला कमी मिळतील, पण त्यातलं प्रत्येक बीज तिच्या वयाचंच असेल. कमी एएमएच पाहून खचून गेलेल्या तरुण मुलींना हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवं.

किती बीजं ‘पुरेशी’, याचा हिशेब मांडून पाहा. समजा १२ फॉलिकलमधून १० बीजं निघाली. त्यातली साधारण ८ परिपक्व असतील. त्यातली ५ ते ६ फलित होतील. पाचव्या दिवसापर्यंत त्यांतली निम्मी किंवा थोडी कमी टिकतील, म्हणजे हाती दोन-तीन ब्लास्टोसिस्ट (पाच दिवसांची भ्रूणं). वय चाळिशीकडे असेल तर त्यातही गुणसूत्रं बरोबर असलेलं एखादंच. ही गळती प्रयोगशाळेच्या चुकीमुळे होत नाही, माणसाच्या प्रजननाची रीतच ती आहे. म्हणूनच आयव्हीएफमध्ये एका बीजावर विसंबत नाहीत. मात्र संख्येलाही मर्यादा आहे. ताज्या ट्रान्सफरच्या (भ्रूण न गोठवता त्याच महिन्यात गर्भाशयात सोडण्याच्या) चार लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास २०११ मध्ये झाला. त्यात बाळ होण्याची शक्यता सुमारे १५ बीजांपर्यंत वाढली, पुढे थांबली आणि २० नंतर घसरली. गोठवलेली भ्रूणंही हिशेबात धरली तर १५ च्या पुढेही फायदा दिसतो, पण धोकाही वाढत जातो.

पायरी ३: भ्रूण आत्ता सोडायचं की गोठवायचं?

हा प्रश्न बहुतेक जणी शेवटी विचारतात. खरं तर तो पहिल्याच भेटीत विचारण्याचा आहे, कारण औषधांची सगळी निवड त्याच्याशी बांधलेली असते.

सगळी भ्रूणं गोठवण्याची ठोस कारणं अशी: अतिप्रतिसादाचा धोका, भ्रूणाची जनुकीय तपासणी, अस्तर नीट न होणं, गर्भाशयात आधी सोडवायची एखादी अडचण, किंवा ट्रिगरच्या दिवशी अस्तर तयार करणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असणं (साधारण १.५ नॅनोग्रॅमच्या वर). प्रोजेस्टेरॉन वेळेआधी वाढलं की अस्तर भ्रूणाच्या पुढे निघून जातं. बीजाला त्याने फारसा धक्का बसत नाही, म्हणून भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडलं तर काही बिघडत नाही. यातलं एकही कारण नसेल आणि प्रतिसाद बेताचा असेल, तर ताजं ट्रान्सफर पूर्णपणे रास्त आहे. सरसकट सगळ्यांनी गोठवावं, याला आधार नाही.

गोठवायचंच आहे असं आधी ठरलं असेल, तर पुढच्या पायरीत एक जास्तीचा, सोपा पर्याय खुला होतो.

पायरी ४: बीज वेळेआधी फुटू नये म्हणून काय द्यायचं

अनेक फॉलिकल वाढू लागल्या की इस्ट्रोजेन वर जातं. ते पाहून पिट्युटरी एलएच या संप्रेरकाचा मोठा झोत सोडते आणि आपण बाहेर काढायच्या आतच बीजं फुटून जातात. हा झोत अडवायचा कसा, यावरून प्रोटोकॉलची नावं पडली आहेत. ‘लाँग’, ‘शॉर्ट’, ‘अँटॅगोनिस्ट’ ही सगळी नावं या एका कामाची आहेत. बीजं वाढवणारी इंजेक्शनं सगळ्यांत जवळपास तीच असतात.

लाँग प्रोटोकॉलमध्ये आधीच्या चक्राच्या साधारण एकविसाव्या दिवसापासून ॲगोनिस्ट औषध (ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, ब्युसेरेलिन) सुरू करतात. ते आधी पिट्युटरीला चेतवतं आणि मग थकवून गप्प बसवतं. दोन-तीन आठवड्यांनी ती गप्प बसल्याची खात्री झाली की बीजांची इंजेक्शनं सुरू. सगळं मिळून चार-पाच आठवडे जातात. मधल्या काळात अंगातून गरम वाफा येणं, डोकेदुखी, चिडचिड, क्वचित अंडाशयात सिस्ट, हे सोसावं लागतं. फायदा असा, की फॉलिकल एकसारख्या वाढतात आणि वेळापत्रक हातात राहतं. एंडोमेट्रिओसिस किंवा ॲडेनोमायोसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर किंवा त्याच्या भिंतीत वाढणं) असेल तर काही डॉक्टर अजूनही याकडे वळतात. मोठा तोटा असा, की पिट्युटरी आधीच थकवलेली असल्याने शेवटी ॲगोनिस्ट ट्रिगर (पिट्युटरीकडूनच एलएच सोडवणारा) चालत नाही, एचसीजी हे संप्रेरकच बाहेरून द्यावं लागतं. अतिप्रतिसाद आला तर बाहेर पडायचं सुरक्षित दार बंद झालेलं असतं. हे एक वाक्य नीट समजलं तर पीसीओएसमध्ये लाँग प्रोटोकॉल का टाळतात ते वेगळं सांगायला नको.

अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉलमध्ये बीजांची इंजेक्शनं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून, किंवा सगळ्यात मोठी फॉलिकल १३-१४ मिलिमीटरची झाली की, सेट्रोरेलिक्स किंवा गॅनिरेलिक्स ०.२५ मिलिग्रॅम रोज. हे औषध काही तासांत काम करतं आणि थांबवलं की असर लवकर उतरतो. पूर्ण प्रकार दहा-बारा दिवसांत आटोपतो. बाळ होण्याचं प्रमाण लाँग प्रोटोकॉलच्या तोडीचं आहे आणि अतिप्रतिसादाचा त्रास बराच कमी. म्हणून माझ्या मते बहुतेक जणींसाठी पहिल्या चक्राला हाच पर्याय असावा, आणि दुसरा सुचवला गेला तर ‘का?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एक पथ्य मात्र पाळा: हे इंजेक्शन ठरलेल्या वेळीच घ्यायचं. उद्याचं परवावर गेलं की झोत निसटू शकतो. वेळापत्रक जुळवण्यासाठी आधी दोन-तीन आठवडे गर्भनिरोधक गोळ्या देणार असतील, तर त्यांची खरंच गरज आहे का तेही विचारा. या प्रोटोकॉलआधी गोळ्या दिल्याने यशाचं प्रमाण थोडं घटल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

शॉर्ट किंवा फ्लेअर पद्धतीत ॲगोनिस्टचा सुरुवातीचा चेतवणारा परिणामच वापरून घेतात. कमी साठा असलेल्यांसाठी ती पूर्वी खूप वापरली जाई, आता मागे पडली आहे.

चौथा मार्ग गोळ्यांचा. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन किंवा डायड्रोजेस्टेरॉन पहिल्या दिवसापासून रोज तोंडाने घ्यायचं. प्रोजेस्टेरॉनसारखं औषध अंगात असेपर्यंत पिट्युटरी झोत सोडत नाही. टोचणं कमी, खर्च कमी, आणि ॲगोनिस्ट ट्रिगरही चालतो. अट एवढीच, की अस्तर त्या महिन्यात भ्रूण स्वीकारण्याच्या स्थितीत नसतं, त्यामुळे सगळं गोठवावंच लागतं. बीजं गोठवायची आहेत, जनुकीय तपासणी करायची आहे किंवा गोठवायचं आधीच ठरलंय, अशांना हा मार्ग सोयीचा. ताज्या ट्रान्सफरची आशा धरून बसलेल्या जोडप्याला हा प्रोटोकॉल न समजावता देणं मात्र बरोबर नाही.

पायरी ५: कोणतं इंजेक्शन, किती डोस

एचएमजीमध्ये एफएसएच आणि एलएच दोन्ही असतात. ते पाळी गेलेल्या स्त्रियांच्या मूत्रातून शुद्ध करून काढतात. रिकॉम्बिनंट एफएसएच प्रयोगशाळेत पेशींकडून तयार करून घेतात आणि ते बहुधा पेनमध्ये येतं. एकदा टोचलं की आठवडाभर पुरणारं कोरिफॉलिट्रोपिनही आहे, पण एकदा दिलेला डोस मागे घेता येत नाही, म्हणून अतिप्रतिसादाची शक्यता असलेल्यांना ते देत नाहीत. एचएमजी की रिकॉम्बिनंट यावर लोक फार वेळ घालवतात. परिणामांतला फरक किरकोळ आहे. किंमत, टोचण्याची सोय आणि मिळण्याची खात्री पाहून ठरवलं तरी चालतं.

डोस मात्र महत्त्वाचा. साधारण प्रतिसाद अपेक्षित असेल तर रोज १५० ते २२५ युनिट, साठा जास्त असेल तर १०० ते १५०, कमी असेल तर ३०० पर्यंत. ३०० च्या वर जाऊन फायदा होत नाही, हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. कारण साधं आहे: अंडाशयात त्या महिन्यात चारच फॉलिकल तयार असतील तर ४५० युनिट देऊन त्यांच्या आठ होत नाहीत. रिकाम्या पिशवीवर कितीही जोर लावला तरी तीतून दाणे निघत नाहीत.

म्हणूनच फार कमी साठा असलेल्यांसाठी सौम्य उत्तेजन हा कमीपणाचा पर्याय समजू नका. लेट्रोझोल किंवा क्लोमिफीनच्या गोळ्या आणि जोडीला १५० युनिटपर्यंतची इंजेक्शनं, असं त्याचं स्वरूप. जड डोसातून तीन बीजं मिळणार असतील आणि सौम्य डोसातूनही दोन-तीनच, तर सौम्य चक्रात शरीराला त्रास कमी होतो आणि वाचलेल्या पैशात आणखी एक चक्र करता येतं. साठा चांगला असलेल्या तरुण मुलीने मात्र ‘औषधं कमी बरी’ म्हणून सौम्य चक्र निवडणं मला पटत नाही. तिला एका चक्रात दुसऱ्या बाळापुरतीही भ्रूणं मिळू शकली असती.

वाढ संप्रेरक, डीएचईए, टेस्टोस्टेरॉन अशा जोडऔषधांची यादी पुढे आली, तर ती सरसकट द्यावीत एवढा पुरावा नाही, एवढं लक्षात ठेवा.

पायरी ६: सोनोग्राफीचा कागद वाचायला शिका

इंजेक्शनं सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पहिली सोनोग्राफी, मग दर एक-दोन दिवसांनी. कागदावर उजव्या-डाव्या अंडाशयापुढे फॉलिकलच्या आकाराचे आकडे मिलिमीटरमध्ये असतात. समजा आठव्या दिवशी असं दिसलं: उजवीकडे १६, १४, १३, ११, ९, डावीकडे १५, १४, १२, १०, अस्तर ८, तीन रेषांचं (म्हणजे चांगलं). फॉलिकल या टप्प्यावर रोज दीड ते दोन मिलिमीटर वाढतात. म्हणजे दोन दिवसांनी पुढच्या चारी १७ च्या आसपास किंवा वर असतील आणि त्यांच्यामागच्या दोघी १५-१६ पर्यंत येतील. साधारण तीन फॉलिकल १७-१८ च्या झाल्या की ट्रिगर देतात. या कागदावरून सहा-सात परिपक्व बीजांची आशा धरायला हरकत नाही. ९ आणि १० वाल्या हिशेबात धरू नका.

आता दुसरा कागद: १९, १२, ११, १०, ९. एकच पुढे पळाली आहे. तिच्यासाठी ट्रिगर दिला तर बाकीच्या जातात. मागच्यांसाठी थांबलं तर पुढची जाते. अशा वेळी डॉक्टर बहुधा मागच्या चौघींसाठी थांबतात. पुढच्या चक्रात आधी इस्ट्रोजेन किंवा गोळ्या देऊन सगळ्यांना एका ओळीत सुरू करण्याचा प्रयत्न होतो. तेव्हा ‘सगळ्यात मोठी किती झाली?’ एवढंच न विचारता ‘१४ च्या वर किती आहेत?’ असं विचारा.

११ मिलिमीटरच्या वरच्या फॉलिकलची संख्या १८-२० च्या पुढे गेली तर पुढचा भाग लक्षपूर्वक वाचा.

पायरी ७: ट्रिगर, आणि घड्याळ

ट्रिगर बीजाला शेवटची परिपक्वता देतो. नेहमीचा ट्रिगर एचसीजीचा: ५,००० ते १०,००० युनिट, किंवा रिकॉम्बिनंट २५० मायक्रोग्रॅम. तो शरीरात कित्येक दिवस टिकतो. त्यामुळे ताज्या ट्रान्सफरला आधार मिळतो, पण अंडाशयं खूप भरलेली असतील तर तोच घात करतो. रक्तवाहिन्यांतलं पाणी पाझरून पोटात साचतं, अंडाशयं सुजतात. याला ओएचएसएस म्हणतात.

ॲगोनिस्ट ट्रिगर (उदाहरणार्थ ट्रिप्टोरेलिन ०.२ मिलिग्रॅम) शरीराचाच एलएच सोडायला लावतो. तो असर लवकर ओसरतो, म्हणून तीव्र ओएचएसएस जवळपास टळतो. बदल्यात पाळीचा उत्तरार्ध कमजोर होतो, त्यामुळे सहसा सगळी भ्रूणं गोठवतात. पीसीओएस असलेल्या तरुण मुलीसाठी अँटॅगोनिस्ट, ॲगोनिस्ट ट्रिगर आणि सगळं गोठवणं, हा तिहेरी बंदोबस्त गेल्या काही दशकांतली या उपचारातली सगळ्यात मोलाची सुधारणा आहे, असं मी मानते. ही योजना सांगितली आणि ‘याच महिन्यात ट्रान्सफर का नाही?’ म्हणून मन खट्टू झालं, तर डॉक्टर तुमचा जीव सांभाळतायत एवढं ध्यानात घ्या.

ट्रिगरची वेळ मिनिटाला मिनिट पाळायची. बीजं ट्रिगरनंतर ३४ ते ३६ तासांनी काढतात. पिकअप गुरुवारी सकाळी १० ला असेल तर ट्रिगर मंगळवारी रात्री १० ला. इंजेक्शन संध्याकाळीच घरात, थंड ठेवायचं असेल तर फ्रिजमध्ये, आणि दोन गजर लावलेले असू द्या. टोचल्यावर वेळ लिहून ठेवा. उशीर झाला, थोडं औषध सांडलं, सुई नीट बसली नाही, काहीही झालं तरी त्याच रात्री क्लिनिकला फोन करा. पिकअपची वेळ पुढे घेता येते. लपवलं तर बीजं हातीच न लागण्याची पाळी येते. एचसीजी घेतलं असेल तर पुढचे दहा-चौदा दिवस घरची गर्भधारणा चाचणी करू नका, तिच्यात औषधच दिसेल.

थोडं पोट फुगणं, जडपणा हे नेहमीचं आहे. पण एका दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी किंवा गडद झाली, दम लागू लागला, उलट्या थांबेनात, पोटरी सुजून दुखू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. एका बाजूला एकदम असह्य कळ आली तरीही लगेच निघा. सुजलेलं अंडाशय पिळवटलं जाऊ शकतं. म्हणूनच या दिवसांत उड्या, धावणं, जड उचलणं वर्ज्य. हा त्रास ट्रिगरनंतर आठवडाभरात येतो, आणि गर्भ राहिला तर त्यानंतर पुन्हा डोकं वर काढतो.

वेळ हातात नसेल तेव्हा

कॅन्सरच्या उपचाराआधी बीजं गोठवायची असतील तर पाळीची वाट पाहत नाहीत. फॉलिकल महिन्यात एकाहून जास्त लाटांत वाढतात, त्यामुळे कोणत्याही दिवशी सुरुवात करून सुमारे दोन आठवड्यांत बीजं मिळतात. स्तनाचा कॅन्सर असेल तर इस्ट्रोजेन खाली ठेवण्यासाठी जोडीला लेट्रोझोल देतात. याच लाटांचा आधार घेऊन कमी साठा असलेल्यांना एका चक्रात दोनदा उत्तेजन देतात: पहिल्या पिकअपनंतर काही दिवसांतच दुसरी फेरी. वय आणि साठा दोन्ही विरोधात असतील तेव्हा याचा विचार व्हावा. इतरांनी स्वतःला एवढा ताण द्यायची गरज नाही.

चक्र मनासारखं झालं नाही तर

फाईलमधून या गोष्टी लिहून घ्या: प्रोटोकॉलचं नाव, सुरुवातीचा आणि शेवटचा डोस, एकूण दिवस, ट्रिगरच्या दिवशीचे फॉलिकलचे आकडे, प्रोजेस्टेरॉन, ट्रिगर कोणता, बीजं किती, परिपक्व किती, फलित किती, पाचव्या दिवशी किती. मग गळती नेमकी कुठे झाली ते शोधा. फॉलिकलच कमी वाढल्या आणि डोस १५० होता, तर डोस वाढवायला जागा आहे. तो ३०० होता तर नाही. फॉलिकल भरपूर पण बीजं कमी, तर ट्रिगरची वेळ आणि प्रकार तपासावा. एचसीजी आणि ॲगोनिस्ट दोन्ही मिळून देण्याचाही पर्याय असतो. बीजं मिळाली पण अर्धी अपरिपक्व, तर ट्रिगर घाईने दिला गेला का? बीजं परिपक्व पण फलन नाही, तर प्रश्न शुक्राणूंकडे किंवा प्रयोगशाळेकडे न्यावा. फलन छान आणि पाचव्या दिवशी काहीच उरलं नाही, तर प्रोटोकॉल बदलून फार फरक पडेल अशी आशा कुणी दाखवली तर त्याचा आधार विचारा. तिथे वय आणि शुक्राणूंची तपासणी यावर बोलणं जास्त उपयोगाचं. यासाठी घाईत दिलेली पाच मिनिटं पुरत नाहीत. वेगळी वेळ मागून घ्या, कागद सोबत न्या, आणि शक्यतो दोघं मिळून जा.